सहा फुटांची तफावत

नकाशा उलगडला की आधी मला खोकला येतो.
ट्रेसिंगच्या कापडावर चाळीस वर्षांची धूळ,
आणि खाली डाव्या कोपऱ्यात, उत्तर दाखवणाऱ्या बाणाच्या शेपटीला
बारीक, सरळ अक्षरात: भा. दा. इंगळे, आरेखक, १९७९.

डिसेंबर. ग्वाल्हेरच्या मेळा मैदानावर अजून काहीच नाही.
धुक्यात मुली स्कूटी शिकतात, भाऊ मागून धावतात.
बंद गाळ्यांच्या ओट्यांवर कुत्री.
फक्त छत्र्या उभ्या आहेत, पक्क्या, नंबर घातलेल्या.
सगळं शहर पत्ता त्यांच्यावरून सांगतं:
सातच्या छत्रीपाशी ये, सॉफ्टीवाल्यासमोर.
पुण्याची माझी जाऊ विचारते, एवढ्या छत्र्या? आणि पाऊस कुठाय?

मी टेप घेऊन फिरते. आता टेप नाही, लाल ठिपका फेकणारं यंत्र.
वाहनांचा विभाग दरवर्षी पसरतो, पोट सुटल्यासारखा.
पाळण्यांना वीज वेगळी, नाहीतर आकाशात माणसं अडकतात
आणि खाली खुर्जाच्या बरण्या अंधारात.
अग्निशामक गाडीला वळायला जागा हवी,
ती जागा कागदावर असते तोवर असते,
दहा जानेवारीला तिथे गरम पापडवाल्याची कढई.
नळ छत्तीस, वाहते एकतीस.
बायकांची स्वच्छतागृहं इंगळ्यांनी दोनच दाखवली होती,
तीही म्हशींच्या बाजाराकडे.
मी सात केली. भांडून केली.

पण बाकी माणूस अर्ध्या इंचाला पक्का.
गटाराचा उतार त्यांनी असा दिलाय
की सांडलेला चहासुद्धा बरोबर मुरारच्या दिशेला जातो.
मग तिसऱ्या रांगेची बेरीज का जुळत नाही?
एकेक गाळा मोजला तर तीनशे चौऱ्याण्णव.
रांग मोजली तर चारशे.
एकशे बेचाळीस आणि एकशे त्रेचाळीसच्या मध्ये
सहा फूट आहेत, जे कागदावर नाहीत.

फोन केला. कानाचं यंत्र शिटी मारत होतं.
"राहिली असेल हो चूक," इंगळे म्हणाले,
"वय झालं होतं."
एकोणऐंशी साली ते चौतीस वर्षांचे होते.

आणि मग मला ती रात्र आठवली.
साडेदहा. मेळ्यात बाबांची स्कूटरची किल्ली हरवलेली,
आई शालीत गप्प, धाकटा खांद्यावर झोपलेला,
चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला,
बेचाळीसच्या बगलेत जा, सुबराती असेल.
खोक्यावर बसलेला एक काटकुळा गृहस्थ,
भोवती तारेत ओवलेल्या आंधळ्या किल्ल्या,
शेगडीत चार निखारे.
त्यानं कुलपात मेण घातलं, काजळी बघितली, कानस चालवली.
आम्ही एकाच पापडाचे चार तुकडे केले, पाचवा त्याला.
पावती नव्हती त्याच्याकडे. गाळा क्रमांकही नव्हता.
भिंतींच्या मधे जेवढी हवा राहिली होती, तेवढ्यात तो मावायचा.

सुबराती गेला. आता त्याची सून येते, शमीम,
संक्रांतीच्या आसपास, तोच खोका घेऊन.
नव्या गाड्यांना किल्लीच लागत नाही, ती सांगते,
पण सुटकेसा आहेत, पेट्या आहेत,
आणि दुकानदार रोज रात्री एकतरी कुलूप बिघडवतात.

नवा नकाशा संगणकावर. रांग तीनवर आल्यावर
तो पिवळी चौकट दाखवतो:
मापं जुळत नाहीत. आपोआप दुरुस्त करू?

मी नाही म्हणते.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिते: तफावत सहा फूट, पूर्वापार.
सही करते, बाणाच्या शेपटीलाच.
मग एकोणीस नंबरचा नळ बघायला निघते.
काल सांगूनही तो ठिबकतोय.